दुकान बंद, दवाखानाही बंद

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट भरात होती. 'ब्रेक द चेन'च्या आदेशाने दुकानांची शटर खाली आली आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेनाशी झाली. सॅनिटायझर मात्र मिळत होते आणि ते मिळायलाच हवे होते. वणीत ते पिऊन सात जण मेले. बहुतेक हातावर पोट असणारे. दोन दिवस बातमी चालली, 'बेवड्यांचे असेच व्हायचे' म्हणून लोक मोकळे झाले आणि पुन्हा ऑक्सिजनच्या खाटा शोधायला लागले. वणीचे हे काही एकट्याचे नव्हते. आदल्या वर्षी जुलै संपता संपता आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात कुरिचेडू गावी दहाहून अधिक माणसे अशीच गेली होती. तिथेही दारूची दुकाने बंदच होती.

सॅनिटायझरच्या बाटलीत ७० ते ८० टक्के अल्कोहोल असते. ते कधी इथेनॉल असते, कधी आयसोप्रोपिल, आणि माल भेसळीचा असेल तर मिथेनॉल, जे यकृतात गेल्यावर आधी डोळे घालवते, मग जीव. पोटात घ्यायचे नाही, असे बाटलीवर छापलेले असते. ते वाचून बाटली खाली ठेवणारा माणूस वेगळा. सकाळी उठल्यावर ज्याचा हात इतका थरथरतो की चहाची कपबशी तोंडापर्यंत जात नाही, आणि पहिला घोट पोटात गेल्यावरच जो स्थिर होतो, तो माणूस वेगळा. या दुसऱ्या माणसाची दारू एका दिवसात तोडणे म्हणजे त्याला सुधारणे नव्हे. दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होतात. भिंतीवर किडे दिसतात, दाराशी कुणी मारायला आलेय असे वाटते, ताप चढतो, घामाने अंथरूण भिजते. उपचार मिळाला नाही तर यात माणूस दगावतो. आणि उपचार काही अवघड नाहीत. लिब्रियमसारख्या गोळ्या, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शने, चार-आठ दिवस डॉक्टरांची देखरेख. तालुक्याच्या रुग्णालयात हे सगळे होऊ शकते.

पण २४ मार्च २०२०च्या रात्री देशाला टाळे लागले तेव्हा या माणसाचा विचार कुठल्याच आदेशात नव्हता. दूध, भाजी, औषधे, बँक असे एकेक करून अत्यावश्यक काय ते ठरले. दारू त्यात नव्हती, ते ठीक. दारू तुटलेल्यांवरचे उपचारही त्यात कुणी नाव घेऊन लिहिले नाहीत. उलट सरकारी रुग्णालये करोनाकडे वळली, बाह्यरुग्ण विभाग आटले, व्यसनमुक्ती केंद्रांना नवे रुग्ण घेणे मुश्कील झाले. दुकान बंद झाले त्याच आठवड्यात दवाखानाही बंद झाला.

दारू तुटलेल्या या माणसाचा विचार केला तो एका राज्याने, आणि तोही भलत्याच रीतीने. केरळात टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्या. सरकार हादरले आणि मार्चअखेर त्याने फर्मान काढले, की डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली तर दारू मिळेल. डॉक्टर खवळले, काळ्या फिती लावून कामावर गेले. दारूवरचा उपचार म्हणून दारूच लिहून द्या, हे कोणत्या वैद्यकशास्त्रात बसते, असा त्यांचा सवाल होता. २ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने आदेश स्थगित केला. न्यायालयाचे बरोबरच होते. तरी मनात येते, की केरळ सरकार निदान त्या माणसाकडे पाहत तरी होते. बाकीच्यांची नजर तिजोरीवर होती.

तिजोरीची भाषा आपल्याकडे फार लवकर सुरू झाली. २३ एप्रिल २०२०ला राज ठाकरे यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. वाइन शॉप उघडा, राज्याला वर्षाला सुमारे १४ हजार कोटी त्यातून मिळतात, असा त्याचा आशय. त्यांच्यावर टीका झाली, टिंगल झाली. दोन आठवडे जाण्याआधी, ४ मेपासून, दुकाने उघडली. दारू जीएसटीबाहेर आहे. राज्यांना आपल्या मर्जीने कर लावता येईल अशा ज्या थोड्या गोष्टी उरल्या आहेत, त्यांत ती आहे. दिल्लीने दुसऱ्याच दिवशी छापील किमतीवर ७० टक्के 'विशेष करोना शुल्क' लावले. आंध्राने दोन टप्प्यांत ७५ टक्के वाढवले. रांगा तेवढ्याच राहिल्या. किंमत वाढवली की पिणारा कमी पितो, हे अर्थशास्त्र एरवी खरे आहे. मात्र सव्वा महिन्याच्या तहानेला ते लागू पडत नाही, हे त्या आठवड्यात दिसले.

त्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. रस्त्यावर चुन्याचे गोल, गोलात माणसाऐवजी ठेवलेली चप्पल नाहीतर पिशवी, शटर उघडताच गोल विसरून पुढे धावलेला जमाव आणि मागून पोलिसांची काठी. मुंबईत महापालिका आयुक्तांनी दोन दिवसांत सगळी दुकाने पुन्हा बंद केली. मग टोकन आले आणि मेच्या मध्यावर घरपोच सेवा. घरपोच दारू मागवायला परवाना लागे. या परवान्याची गंमत अशी, की महाराष्ट्राच्या जुन्या दारूबंदी कायद्याखाली तो दिला जातो तो आरोग्य राखण्यासाठी दारू पिण्याकरता. वर्षाला शंभर रुपये, आजन्म हजार. म्हणजे कागदोपत्री राज्यातला प्रत्येक परवानाधारक तब्येतीसाठीच पितो. ज्याची तब्येत दारूने खरोखर गेली आहे, त्याच्यासाठी मात्र त्या खात्यात फॉर्म नाही.

महामारीत लोक जास्त प्यायले की कमी, असा प्रश्न पुढे बरीच वर्षे विचारला गेला. सरसकट उत्तर फसवे आहे. ब्रिटनमध्ये पब बंद होते, एकूण खप फारसा हलला नाही, पण बाटली घरात आली आणि मुळातच भरपूर पिणाऱ्यांनी आणखी भर घातली. परिणाम मृत्यूंच्या नोंदीत आहे. निव्वळ दारूमुळे ओढवलेले मृत्यू तिथे २०१९मध्ये ७,५६५ होते, २०२०मध्ये ८,९७४ झाले आणि २०२१मध्ये ९,६४१. अमेरिकेत दारूशी निगडित मृत्यू एका वर्षात सुमारे ७९ हजारांवरून ९९ हजारांवर गेले. सणासुदीला एखादा पेग घेणाऱ्याने कमी घेतली असेल, म्हणून सरासरी सभ्य दिसते. आपल्याकडे इतकी चोख नोंदच होत नाही. दाखल्यावर कावीळ लिहिले जाते, हार्ट फेल लिहिले जाते, आणि दारू दाखल्याबाहेर राहते.

पण आपल्याकडेही बाटली घरात आली हे सांगायला आकडा लागत नाही. त्याआधी पिण्याची जागा बाहेर होती. गुत्ता, बार, मित्राची रूम. नवरा रात्री दहाला झुलत यायचा, आल्यावर जे व्हायचे ते व्हायचे, पण दिवसाचे बारा तास घर त्याच्याविना असायचे. पहिल्या टाळेबंदीत काही घरांनी सव्वा महिना शांतता अनुभवली, हेही खरे. बायका सांगत, पगार नाही पण मार पण नाही. ४ मेनंतर ते सगळे उलटले. आता तो घरातच होता, बाटली ओट्यावर दुधाच्या पिशवीशेजारी होती, आणि मुले त्याच खोलीत मोबाइलवर शाळा भरवत होती. दारू नसलेल्या घरांतही बायकांचे हाल काही कमी नव्हते. राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्या त्या एप्रिलपासूनच, दुकाने उघडण्याआधी. म्हणजे सगळा दोष बाटलीच्या माथी मारून भागणार नाही.

साहेब लोकांच्या घरचा प्रकार जरा नीटनेटका होता, इतकेच. वर्क फ्रॉम होममुळे लोकल चुकायची भीती गेली. नाकाबंदीवरचे ब्रेथ अॅनलायझर संसर्गाच्या भयाने पोलिसांनीच बाजूला ठेवले. आणि ज्याचे पिणे हाताबाहेर जात असते, त्याचा पहिला पत्ता ऑफिसात लागतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वास येतो. झूमवर वास येत नाही. संध्याकाळी सातचा पेग पाचवर आला, पाचचा दुपारच्या जेवणाआधी आला, आणि कॅमेरा बंद असल्याने कुणाच्या लक्षात आले नाही. पुढे मुलाखती घेणारे समुपदेशक 'लॉकडाऊनमध्ये सुरू झाली' हे वाक्य ऐकून कंटाळले असतील.

ज्यांनी सोडली होती त्यांची परवड तर कुणी विचारलीच नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा म्हणजे शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, गोलात मांडलेल्या खुर्च्या, आणि 'मी मद्यपी आहे' असे दहा जणांसमोर मोठ्याने म्हणणे. सोडलेला माणूस आठवड्यातून दोनदा, काही जण रोज, या खुर्चीच्या आधाराने टिकतो. त्या सभा फोनवर आल्या. अनेकांना त्यांनी तारले, दूर गावातल्या माणसाला पहिल्यांदाच सभा मिळाली, हे मान्य करायला हवे. पण वन रूम किचनमध्ये, सासू-सासरे, मुले यांच्यासमोर 'आज प्यावीशी वाटली' हे कसे बोलायचे? आणि मद्यपींच्या बायकांच्या अल-अॅनॉन सभेत बोलायचे ते ज्याच्याबद्दल, तोच समोर पलंगावर बसलेला. फोन म्यूट करून नुसते ऐकणे एवढेच हाती उरले.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक आकडा आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी मदत मिळते. दाखल होऊन उपचार मिळतात ते १८०पैकी एकाला. हा महामारीच्या आधीचा हिशेब. या दुष्काळात महाराष्ट्राकडे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र होते, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६मध्ये उभे केलेले, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर. ते झाले दात्यांच्या आणि ध्येयवेड्यांच्या भरवशावर. अवचट गेले २७ जानेवारी २०२२ला. त्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला हिरवा कंदील दाखवला. योगायोगाला अर्थ चिकटवू नये. वाइनचा तो निर्णय पुढे विरोधाने बारगळला, हेही नोंदवायला हवे.

दारूबंदी हा यावरचा उतारा नाही. चंद्रपुरात ती २०१५पासून होती आणि वणीतल्या मृत्यूंनंतर साधारण महिन्याभराने, २७ मे २०२१ला, ती उठवण्याचा निर्णय झाला. बंद करणे हा एक शासकीय आदेश, उघडणे हा दुसरा. दोन्ही एका सहीत निघतात. मधल्या काळात थरथरणाऱ्या माणसासाठी तालुक्याला चार खाटा आणि एक शिकलेली परिचारिका ठेवायची तर त्याला पदे लागतात, तरतूद लागते.

पदे निघतच नाहीत असे नाही. जून २०२५मध्ये राज्याने मद्यावरचे शुल्क वाढवले, त्यातून वर्षाला आणखी १४ हजार कोटी अपेक्षित धरले, आणि त्याच बैठकीत १,२२३ पदांना मंजुरी दिली. पदे उत्पादन शुल्क विभागातली आहेत. आपल्या आमदारांना येत्या अधिवेशनात एवढेच विचारायला सांगा, की या १४ हजार कोटींतून आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा किती येणार.