माझा आवडता सण



या सदरातून आम्ही दर वेळी इतरांना चार गोष्टी सांगत असतो. आज स्वतःचीच एक चूक सांगायची आहे. ती आमच्या एकट्याच्या घरातली असती तर झाकून ठेवली असती. पण चळवळीत धावपळ करणाऱ्या अनेक कार्यकर्त्यांच्या घरी ती होत असावी असे वाटते, म्हणून लिहीत आहोत.

गोष्ट मागच्या ऑक्टोबरातली. सहामाही परीक्षा संपली होती. आमची धाकटी पाचवीत. तिने निबंधाची वही सहीसाठी आमच्यापुढे ठेवली. आम्ही एरवी न वाचता सही करून मोकळे होतो, पण त्या दिवशी वाचली. निबंधाचा विषय होता, 'माझा आवडता सण'. पहिलेच वाक्य, 'दिवाळी हा माझा आवडता सण आहे.' पुढे, आई चकल्या-करंज्या करते, बाबा आकाशकंदील लावतात, आम्ही पहाटे उटणे लावून अंघोळ करतो, घरी लक्ष्मीपूजन होते. दहापैकी आठ गुण आणि खाली 'छान'.

आमच्या घरी यातले काहीही होत नाही. एवढेच काय, आमची मुले आम्हाला 'बाबा' म्हणतसुद्धा नाहीत, 'पप्पा' म्हणतात. सगळा निबंध गाईडातून उतरवलेला होता. आमचा पारा चढला.

"हे काय लिहिलंस? आपल्या घरी लक्ष्मीपूजन असतं का?"

"बाई म्हणाल्या, आवडत्या सणावर लिहा. मला दुसरं काही लिहायला येत नव्हतं," असे म्हणून ती आजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

थोरला नववीत. तो पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "पप्पा, तिच्या सगळ्या वर्गानं तेच लिहिलं असेल."

आम्ही आवाज चढवला. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत की नाही, विहारात कशाला पाठवतो, समाजात आमची मान खाली गेली, असे बरेच काही बोललो. दहा वर्षांच्या पोरीने आमची मान खाली घालायला काय केले होते, हे त्या वेळी सुचले नाही. पोरगी न जेवता झोपली.

मग आमच्या आईने तोंड उघडले. आई मोजकेच बोलते.

"पोरीवर कशाला डाफरतोस? मी पाच-सहा वर्षांची होते, तेव्हा माझ्या बापानं देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. सगळा गाव बघत होता. पण बापानं कोनाडा रिकामा ठेवला नाही रे. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला. रोज दिवेलागणीला आम्हा सगळ्या पोरांना ओळीनं बसवून वंदना म्हणायला लावायचा. स्वतःला अक्षर येत नव्हतं, तर आमच्याकडून वाचून घ्यायचा. तू तर पोरांचा कोनाडाच रिकामा ठेवलास."

रात्री आमच्या मंडळींनी उरलेले सांगितले. त्यांनी आवाज चढवला नाही. नुसता हिशेब मांडला.

"एक जानेवारीला तुम्ही मंडळाची गाडी घेऊन भीमा कोरेगावला. चौदा एप्रिलला सकाळपासून मिरवणुकीच्या तयारीत, घरी येता रात्री दोनला. बुद्ध पौर्णिमेला रक्तदान शिबिर. चौदा ऑक्टोबरला दुसऱ्या तालुक्यात कार्यक्रम. सहा डिसेंबरला दादरला पाणीवाटप. काम चांगलंच आहे, मी कधी अडवलं का? पण पोरांनी आपल्या सणाला काय बघितलं? पप्पा पिशवी घेऊन निघाले, एवढंच. शेजारच्या पोरांचा बाप दिवाळीत चार दिवस घरात असतो. मग तिला कोणता सण आवडावा?"

आम्ही नेहमीची ढाल पुढे केली. बाबासाहेबांनी तरी संसाराकडे कुठे पाहिले?

यावर त्या म्हणाल्या, "बाबासाहेबांचं नाव मध्ये आणू नका. त्यांची आणि रमाईची चार लेकरं गेली, एकटे यशवंतराव राहिले. तेवढं दुःख गिळून ते सगळ्या समाजाच्या लेकरांसाठी झिजले. तुम्हाला तुमच्या दोन लेकरांसाठी एक रविवार मिळत नाही?"

वाचकहो, याला आमच्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही.

त्या रात्री झोप आली नाही. मुलांना आपण नेमके काय शिकवले, याचा विचार करीत पडलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला प. पू. बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्या काही आम्ही मुलांकडून घोकून घेतल्या होत्या. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, राम-कृष्णाची उपासना करणार नाही, गौरी-गणपतीला मानणार नाही. या प्रतिज्ञा पाहिजेतच. गुलामीची मुळी तिथेच तुटते. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे अष्टांगिक मार्गाचा अवलंब करीन, दहा पारमितांचे पालन करीन, प्राणिमात्रांवर दया करीन, असेही त्यांनी आपल्याकडून वदवून घेतले. आमच्या मुलांना काय नाकारायचे ते पाठ आहे. काय धरायचे ते आम्ही घरात करून दाखवले नाही. शेजारी फुलबाज्या उडत असताना आम्ही खिडकी लावून घ्यायला सांगितले. खिडकीच्या आत त्यांच्यासाठी काय ठेवले होते? काहीच नाही. पोरीने ती रिकामी जागा गाईडातल्या लक्ष्मीपूजनाने भरली, तर दोष कोणाचा?

सकाळी उठून आधी पोरीची माफी मागितली. बापाने माफी मागायची आमच्यात पद्धत नाही. तीही गोंधळली. मग म्हणाली, "मग आता वही परत लिहू का?" आम्ही म्हणालो, "नको. आधी लिहिण्यासारखं काहीतरी करू."

जानेवारीतल्या एका रविवारी मंडळाची मीटिंग होती. आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगला 'येऊ शकत नाही' असा निरोप दिला आणि मुलांना घेऊन कान्हेरीला गेलो. बोरिवली स्टेशनवर उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत जायचे. लेणी बरीच आत डोंगरावर आहेत. सोमवारी उद्यान बंद असते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. बाहेरचा खर्च गाडीभाडे, तिकिटे आणि उकडलेल्या शेंगा एवढाच.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. तीन नंबरच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. धाकटी त्यांच्या पायाशी उभी राहून वर बघतच राहिली. तिचे डोके मूर्तीच्या गुडघ्यालाही पोहोचत नव्हते. भिक्खूंच्या खोल्यांतल्या दगडी बाकांवर दोन्ही मुले झोपून आली. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, भिक्खू एका जागी राहून अध्ययन करीत, हे आम्ही विहारात दहा वेळा सांगितले असेल. त्या थंड दगडावर पाठ टेकल्यावर ते त्यांना एकदाच सांगावे लागले.

थोरल्याचे लक्ष मात्र पाण्यावर. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून खडकातच पन्हळी कोरल्या आहेत. जुन्या लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हणतात. कल्याणच्या एका सोनाराने संघाला पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख तिथे आहे. तो राजा नव्हता की सरदार नव्हता. हाताने काम करणारा कारागीर होता. आपल्या कमाईतून त्याने पाणी दान दिले.

थोरला टाक्यात वाकून बघत होता. म्हणाला, "पप्पा, इथं पाणी प्यायला कोणाला बंदी होती का?"

आम्ही त्याला तिथेच बसवून महाडची हकिगत सांगितली. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा गुराढोरांना मोकळे असलेले पाणी माणसांना बंद होते. त्याच्या कितीतरी शतके आधी याच कोकणपट्टीत पाणी देणे हे पुण्याचे काम समजले जात होते. मध्ये काय घडले, ते ज्याने त्याने शोधावे. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग बाटलीतले पाणी बहिणीला आधी देऊन मागून स्वतः प्याला. एवढेच. पण आम्हाला पुष्कळ झाले.

१४ एप्रिलला आम्ही मिरवणुकीला गेलोच, पण संध्याकाळी. सकाळ घरची ठेवली. सहाला सगळ्यांच्या अंघोळी. पांढरे कपडे. आईने मेणबत्ती लावली, मुलांनी त्रिसरण-पंचशील म्हटले, थोरल्याने संविधानाची उद्देशिका वाचली. 'बंधुता' या शब्दाशी धाकटीने थांबवले आणि अर्थ विचारला. आम्ही भाषण सुरू करणार, तोच आई म्हणाली, "दादा तुला त्या डोंगरावर आधी पाणी देतो, ती बंधुता." आमची पंधरा मिनिटे वाचली.

मग आली बुद्ध पौर्णिमा. रक्तदान शिबिराची जबाबदारी या वेळी तरुण मुलांवर सोपवली. त्यांनी ती आमच्यापेक्षा नीट पार पाडली, हेही सांगायला हवे. कार्यकर्त्याला उगाच वाटत असते की आपल्यावाचून अडेल. घरी खीर करायची ठरले. सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली, ती आपली खीर. आम्ही म्हणालो, या वर्षी खीर आम्ही करणार. मंडळी हसल्या. दूध आटवायला ठेवले आणि मुलांना सुजाताची गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट रंगात आली, सिद्धार्थ वृक्षाखाली बसला आणि इकडे खीर पातेल्याला लागली. सगळ्या घरात करपट वास. मंडळींनी वरची खीर दुसऱ्या पातेल्यात काढली, वेलदोडे जास्त घातले आणि सगळ्यांनी ती खाल्ली.

दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचे ताट येते. पूर्वी आम्ही ते घ्यावे की न घ्यावे यावर घरात वाद घालायचो. आता घालत नाही. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली चकली खाल्ल्याने प्रतिज्ञा मोडत नाही. आपल्या घरात पूजा मांडली तर मोडते. तेवढा फरक मुलांना समजावून सांगितला की समजतो. पण रिकामे ताट परत करायचे नाही ही आपली रीत आहे, आणि आमच्याकडून दर वर्षी साखर घालून ताट परत जायचे, कारण द्यायला आपल्या सणाचे काही नसायचे. या पौर्णिमेला धाकटी काकूंकडे खिरीची वाटी घेऊन गेली. "आमची बुद्ध पौर्णिमा आहे," असे तिने दारातून मोठ्याने सांगितले. खीर करपली आहे, हेही तितक्याच मोठ्याने सांगितले.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात निबंध, 'सुट्टीतील एक दिवस'. या वेळी आम्ही वही आपणहून मागितली. मनात होते, कान्हेरी असेल, पोढी असेल, महाड असेल. तसे काहीच नव्हते. निबंध खिरीवर होता. 'पप्पा त्या दिवशी घरी होते. त्यांनी खीर केली. ती करपली. आजी म्हणाली चांगली झाली. मी काकूंना पण दिली. आम्ही खूप हसलो. बुद्ध पौर्णिमा हा आमचा सण आहे.' शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच. दहापैकी सहा गुण.

गाईडातल्या दिवाळीला आठ होते. पण हे सहा तिच्या स्वतःचे आहेत. आम्ही सही केली आणि या वेळी पूर्ण नाव लिहिले.

बांधवांनो, आपल्या आजोबा-पणजोबांनी देव सोडले तेव्हा त्यांना गावाचा रोष पत्करावा लागला. आपल्याला तेवढे काही करावे लागत नाही. वर्षातले चार दिवस, निदान त्या दिवसांची सकाळ, मुलांना द्यायची आहे. पैसा लागत नाही. एक मेणबत्ती, पावशेर तांदूळ, लिटरभर दूध आणि घरात असलेला बाप. ज्या माता कामावर जातात त्यांच्यावर या दिवशी सगळा स्वयंपाक टाकू नये, पातेले आपण हलवावे. जवळ लेणी असतील तर मुलांना दाखवावीत, नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून त्यांनी १९५६ नंतर काय पाहिले ते विचारावे. आमच्या आईला हे इतक्या वर्षांत आम्ही विचारले नव्हते. पोरीवर ओरडलो म्हणून कळले.

चळवळीचे काम थांबवा असे आम्ही म्हणत नाही. आम्हीही थांबवलेले नाही. पण ज्यांच्यासाठी चळवळ चालवायची, ती लेकरे घरात वाट पाहत असतात, हे विसरू नये.

आणि खीर करताना गोष्ट सांगू नये. आधी खीर उतरवावी, मग गोष्ट.

नमो बुद्धाय! जय भीम!