पांढरी एक, काळी पाच

वरातीच्या बँडमधला ट्रम्पेटवाला सगळ्यांच्या लक्षात राहतो. शेजारी काळी नळी धरून नवरीच्या आईला रडवणारा क्लॅरिनेटवाला मात्र कुणाच्याच फोटोत नसतो. लहानपणी मला तोच व्हायचं होतं. घरच्यांनी पेटीच्या क्लासला घातलं. विषय संपला.

गेल्या महिन्यात तो पुन्हा निघाला. माझी ताई इंग्लंडला असते. तिच्या लेकीने, वय वर्षं सात, शाळेत क्लॅरिनेट घेतलं आणि तीन आठवड्यांत ‘मला नाही शिकायचं’ जाहीर केलं. ताईचं म्हणणं, ‘हिला चिकाटीच नाही गं! आधी बॅले, मग स्विमिंग, आता हे.’ मी व्हिडिओ कॉलवर भाचीलाच विचारलं, तर तिने उजवा अंगठा कॅमेऱ्यासमोर धरला. लालबुंद.

बरोबरच आहे ना यार! नेहमीचं बी फ्लॅट क्लॅरिनेट दोन फुटांहून लांब, वजन पाऊण किलोच्या आसपास, आणि त्यातलं बरंचसं ओझं त्या एका अंगठ्यावर. वर भोकं बोटांनी पूर्ण झाकायची. जरा हवा निसटली की सूर किंचाळलाच. आपण लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा रुतला तरी फिजिओ गाठतो.

मग तिच्या टीचरने प्लॅस्टिकचं दिलं. नाव क्लॅरिनिओ. ग्रॅहम लायन्स या ब्रिटिश माणसाने मुलांसाठी हलकं सी क्लॅरिनेट बनवलं होतं, त्याचंच नुवो कंपनीने काढलेलं हे नवं रूप. वजन 300 ग्रॅमसुद्धा भरत नाही. आखूड, लहान बोटांच्या बेताचं, रीडही प्लॅस्टिकची. आणि चक्क नळाखाली धुता येतं! लाकडी वाद्याला अशी आंघोळ घालायची कुणाची हिंमत नाही, तडे जातात.

पण खरा फंडा सुराचा आहे. पेटीवाल्यांना लगेच कळेल. नेहमीच्या क्लॅरिनेटवर मूल ‘सी’ वाजवतं तेव्हा ऐकू येते काळी पाच. यावर सी म्हणजे सरळ पांढरी एक. शेजारी पियानो असो नाहीतर आजीची पेटी, कागदावर जे लिहिलंय तेच वाजतं.

खरं सांगते, मला ते खेळणंच वाटलं होतं. आवाजही जरा पातळच, लाकडाचा तो मधाळ खर्ज त्यात नाही. पुढे मोठं वाद्य घ्यावंच लागणार, म्हणजे दोनदा खर्च. ताईने नेमकं हेच ऐकवलं. मी म्हटलं, ‘तायडे, आई आपल्याला वाढत्या अंगाचा युनिफॉर्म घ्यायची, तसं वाद्य नाही घेता येत.’ गप्प बसली.

परवा रविवारी पुन्हा कॉल केला. भाची चार सुरांचं काहीतरी वाजवत होती. मध्येच चिरकलं, थांबली, पुन्हा पहिल्यापासून. ‘अंगठा दाखव बघू’ म्हटलं, तर नळी तोंडातून न काढताच मान हलवली. मग दम घेऊन म्हणाली, ‘मावशी, थांब ना. अजून संपलं नाहीये.’