काही केल्याशिवाय का धरतील?

फराळाला बसले असता अप्रिय विषय काढू नये, असा शिष्टाचार आहे. पण गेल्या दिवाळीत जळगावला सासुरवाडीस परभणीचा विषय निघाला, आणि तो मी काढला नव्हता. थोरले मेहुणे चिवड्याची बशी पुढे सारीत म्हणाले, "काही केल्याशिवाय पोलीस उगाच का धरतील? आणि त्यापायी एवढे मोर्चे कशाला?" मी पडलो जावई, गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई येथे करतो.

सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा, कायदा शिकणारा तरुण. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, तीत तो सापडला. आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. विधानसभेत सरकारने श्वसनाच्या विकाराकडे बोट दाखविले. शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याबद्दल बोलत होता. नुसता गुन्हा नोंदवून घ्या, एवढ्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ४ जुलै २०२५ रोजी तसा आदेश झाला, तर त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला हात हलवीत परतले. आणि मेहुणे विचारतात, मोर्चे कशाला!

बरे, त्याने दगड मारला होता असे घटकाभर धरून चालू. तरी त्याची शिक्षा न्यायाधीश ठरवील; दंडुका नव्हे. अटकेची खबर नातलगांना द्यावी, कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करावी, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ सालीच बजावले आहे. पोलिसांनी कायदा पाळावा, एवढेच तर मोर्चेकरी मागतात. यात पोलिसांचा द्वेष कुठे आला?

आम्हा खानदेशी लोकांना तर हे सांगावे लागू नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला पोलिसांच्या गोळीबारात शाळकरी शिरीषकुमार पडला. नंदुरबार तेव्हा आमच्या धुळ्याच्याच जिल्ह्यात, पश्चिम खानदेशात होते. ही हकिकत मी वर्गात सांगतो, तेव्हा एकही मूल विचारीत नाही, "गुरुजी, काही केल्याशिवाय का मारतील?" तेव्हाचे सरकार परक्याचे होते, असे कोणी म्हणेल. मग आपल्या सरकारकडून अपेक्षा अधिक हवी की कमी?

यंदाही फराळाला जाईन. मेहुण्यांनी तोच प्रश्न केला, तर बशी खाली ठेवून विचारीन : दाजी, उद्या तुमचाच मुलगा रात्री घरी आला नाही, तर पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहून हाच प्रश्न विचाराल का?