तहान मारूं नये

गेल्या वैशाखांत आमच्या धाकट्या सूनबाईंस थंडी वाजून ताप भरला. लघवीच्या वेळीं आग, ओटीपोटांत कळ आणि पाठीच्या एका बाजूस ठणका. दोन दिवस त्यांनीं कोणास कांहीं सांगितलें नाहीं. अशा दुखण्याचा उच्चार करण्याचा प्रघात आमच्या घरांत नाहीं, हा दोष घराचा. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे नेलें. तपासणी झाली, औषध मिळालें, आणि चिठ्ठी हातीं देतां देतां डॉक्टरांनीं विचारलें, "बाई, दिवसांतून पाणी किती पितां?" सूनबाई खालीं पाहूं लागल्या. त्या सकाळीं आठ वाजतां एस्. टी. नें जवळच्या एका खेड्यांतील शाळेंत शिकवावयास जातात व सायंकाळीं परततात. "शाळेंत नीट सोय नाहीं, म्हणून घरीं येईपर्यंत पितच नाहीं," असें त्या हळूच म्हणाल्या.

हें उत्तर ऐकून आम्हांस आमचा वर्ग आठवला. पस्तीस वर्षें आम्हीं अंबाजोगाईस मुलामुलींस संस्कृत शिकविलें. तास चालू असतां कोणी करंगळी वर केली कीं आम्ही डोळे वटारून म्हणत असूं, "बस खालीं, तास संपल्यावर." शिस्त म्हणून आम्ही तें करीत होतों. वास्तविक चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायाचें 'नवेगान्धारणीय' हें नांव आम्हांस मुखोद्गत होतें. शरीराचे जे तेरा वेग अडवूं नयेत असें तेथें सांगितलें आहे, त्यांत मूत्राचा वेग आरंभींच येतो, आणि तहानही त्याच यादींत आहे. या दोहोंचें नातें मात्र सूनबाईंच्या उत्तरानें आम्हांस प्रथम कळलें. ज्यास लघवी अडवावी लागते तो पुढें आपण होऊन तहानही मारूं लागतो.

तहान मारल्यानें शरीरांत काय होतें तें पाहावें. आपलीं मूत्रपिंडें दोन, प्रत्येक सुमारें मुठीएवढें. प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसांत रक्तांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतील बहुतेक परत शोषून घेतात, आणि दीड-दोन लिटर लघवीच्या रूपानें बाहेर टाकतात. पाणी कमी पडलें म्हणजे मूत्रपिंडें तें राखून ठेवतात. लघवी थोडी व दाट होते. पाक फार आटला म्हणजे त्यांत साखरेचे खडे धरतात, त्याप्रमाणें दाट लघवींत कॅल्शियम, ऑक्झलेट इत्यादि क्षारांचे स्फटिक जमतात. हाच मुतखडा. दुसरी गोष्ट जंतूंची. मूत्राशयांत शिरलेले जंतू दर वेळच्या लघवीबरोबर बरेचसे वाहून जातात. ती तासन्‌ तास अडविली तर त्यांस वाढावयास सवड मिळते. स्त्रियांचा मूत्रमार्ग आंखूड असल्यामुळें त्यांस हा उपद्रव अधिक होतो.

हें केवळ अनुमान नव्हे. इटलींत मुतखडा प्रथमच झालेल्या १९९ रोग्यांवर पांच वर्षें प्रयोग झाला. तो १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं पाणी वाढविलें त्यांच्यांत शेंकडा १२ जणांस पुन्हा खडा झाला, इतरांत शेंकडा २७ जणांस. २०१८ सालीं दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्राशयाचा दाह होणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकीं निम्म्यांस रोज दीड लिटर पाणी अधिक दिलें. वर्षभरांत त्यांस तो त्रास सरासरी १.७ वेळां झाला, बाकीच्यांस ३.२ वेळां.

आमचा मुलूख बालाघाटाच्या डोंगरांतला. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि घामावाटे बरेंच पाणी निघून जातें. त्यांत टंचाई. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तें आम्ही विसरलों नाहीं. पाणी मोजून वापरण्याची संवय चांगलीच; परंतु ती काटकसर पिण्याच्या तांब्यापर्यंत जाऊं नये. दसऱ्यानंतर आमच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांस फडांत आडोसाही मिळत नाहीं, त्यांची अडचण उघड आहे. पण ज्या घरीं पाहुण्यास प्रथम पाणी देतात, त्याच घरची सून दिवसभर कोरड्या घशानें वावरते, याचें उत्तर वडीलधाऱ्यांनींच द्यावयाचें आहे.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. निरोगी प्रौढ माणसानें उन्हाळ्यांत सुमारें अडीच ते तीन लिटर पाणी दिवसभरांत विभागून प्यावें. एकदम पोटांत ओतूं नये. लघवीचा रंग वाळल्या गवतासारखा फिकट असला म्हणजे पाणी पुरेसें झालें असें समजावें. गर्द पिवळा असला तर कमी पडलें. ताक व लिंबाचें पाणी चालतें, मीठ मात्र बेतानें घ्यावें. ज्यांस हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं डॉक्टर सांगतील तेवढेंच पाणी प्यावें. लघवींत रक्त दिसलें, थंडीताप आला, पाठींत कळ उठली, किंवा गरोदर स्त्रीस लघवीची आग होऊं लागली, तर नुसत्या पाण्यावर विसंबूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

सूनबाई बऱ्या झाल्या. सुट्टींत आम्ही एक सुतार घेऊन त्यांच्या शाळेंत गेलों. मोरी होती, परंतु दारास कडी नव्हती व आंत पाणी नव्हतें. दीड दिवसांत कडी बसली, पाण्याचें पिंप आलें. आतां सूनबाई पाण्याची बाटली भरून नेतात व सायंकाळीं रिकामी आणतात. त्यांच्या वर्गांतील मुलीही पाणी पिऊं लागल्या आहेत. आमच्या वाचकांनीं आपल्या घरांतील मुलीसुनांस एवढेंच विचारावें, कीं शाळेंत, कचेरींत, प्रवासांत तुम्ही पाणी पितां कीं नाहीं, आणि नसाल तर कां? उत्तर मिळालें म्हणजे कोणती कडी बसवावयाची तें आपोआप कळेल. आम्हांस तें विचारावयास पस्तीस वर्षें लागलीं.