संरचना अभियंत्यांच्या वैधानिक संस्थेसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, नगरविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सीएंना 1949 चा कायदा आहे, वकिलांना 1961 चा, आर्किटेक्टना 1972 चा. इमारत उभी कशी राहील हे ठरवून नकाशावर सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला कायदा नाही. बाजारात आम्ही नुसते ‘आरसीसीवाले’. इमारत पडली की मात्र गुन्ह्यात पहिल्या काही नावांत आमचे नाव असते. जबाबदारी व्यक्तीची आणि व्यवसायाला घर नाही, ही स्थिती आता संपवावी, एवढ्यासाठी हे मागणीपत्र.

राज्याने कायदा करून संरचना अभियंत्यांची स्वतंत्र वैधानिक संस्था स्थापन करावी, ही आमची मुख्य मागणी आहे. हा विषय केंद्राचा म्हणून फाइल परत येऊ नये. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील नोंद 26 वैद्यकीय, कायदेविषयक ‘व इतर’ व्यवसायांची आहे, आणि गुजरातने 2006 मध्ये व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांसाठी असा कायदा केला आहे.

‘संस्था आहेतच की’ असे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स 1920 पासून आहे आणि आमच्यातले कितीतरी तिचे सभासद आहेत. पण सभासदत्व ऐच्छिक आहे आणि कामात कसूर करणाऱ्याची सही थांबवण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. शिवाय तिथे सगळ्या शाखा एकत्र आहेत. लंडनमध्ये 1908 साली आरसीसी नवे असताना त्या कामाच्या लोकांनी काँक्रीट इन्स्टिट्यूट काढली, 1922 मध्ये तीच संरचना अभियंत्यांची संस्था झाली. तिथेही त्याआधी स्थापत्याची मोठी, जुनी संस्था होतीच.

नोंदणीचा प्रश्न सर्वात सोपा आणि सर्वात रखडलेला. राज्यात 29 महापालिका आहेत, नगरपरिषदा वेगळ्या. प्रत्येकीची आपली वही. एका शहरात परवाना गमावलेला माणूस पुढच्या शहरात सही करतो, हा आमच्या संघटनेच्या सभासदांचा अनुभव आहे. राज्यभर एकच नोंदणी क्रमांक असावा, यादी नागरिकाला मोबाइलवर पाहता यावी आणि निलंबन झाल्यास त्याच दिवशी सर्व नियोजन प्राधिकरणांना कळवले जावे.

आज परवाना मिळतो तो पदवी आणि अनुभवाच्या दाखल्यावर. दाखला खरा की मैत्रीखातर दिलेला, हे कुणी विचारत नाही. संस्थेने लेखी परीक्षा आणि मुलाखत घ्यावी व दोन श्रेणी कराव्यात: 15 मीटर उंचीपर्यंत एक, त्यावर दुसरी. 10 वर्षांहून अधिक व्यवसाय केलेल्यांना परीक्षेऐवजी त्यांनी केलेल्या 3 कामांची छाननी चालेल. त्यासाठी 3 वर्षांची मुदत द्यावी. आम्ही सूट मागत नाही, मुदत मागतो.

आता साइटकडे वळतो, कारण खरे दुखणे तिथे आहे. एका तालुक्याच्या गावी आमचा एक सभासद स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी पोहोचला. ड्रॉइंगमध्ये कॉलमच्या टोकांना रिंगा 100 मिलिमीटरवर, बांधल्या होत्या वीतभर अंतराने. हुक 135 अंशांत आत वळवायचे, ते काटकोनात सोडलेले. भूकंपरोधक बांधणीचे भारतीय मानक आयएस 13920 हे अंश उगाच मागत नाही. भूकंपात कव्हर झडले की काटकोनातला हुक उघडतो आणि रिंग कॉलमला धरून ठेवत नाही. मुकादम म्हणाला, “साहेब, आजवर कुठं काय पडलंय?” मिक्सर पहाटे आले आणि स्लॅब ओतला गेला. काम थांबवा म्हणून आमच्या सभासदाने दिलेले पत्र कुणाच्या फायलीत गेले ते आजही माहीत नाही. किल्लारीचा भूकंप 1993 साली याच राज्यात झाला.

म्हणून पाया, प्रत्येक स्लॅब आणि कॉलम यांच्या सळई-तपासणीवर नोंदणीकृत अभियंत्याची सही झाल्याशिवाय काँक्रीट ओतता येणार नाही, अशी अट बांधकाम परवान्यातच घालावी. अभियंत्याने काम थांबवण्याचे पत्र दिले, तर ते संस्थेच्या पोर्टलवर नोंदले जावे आणि प्राधिकरणाने 48 तासांत दखल घ्यावी. 15 मीटरवरील इमारतींच्या डिझाइनची त्रयस्थ अभियंत्याकडून तपासणी बंधनकारक करावी.

जुन्या इमारतींचे नियम आहेत. मुंबई महापालिका अधिनियमाचे कलम 353-ब 30 वर्षांनंतर तपासणी सांगते. पण 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये 16 बळी घेणारी इमारत 30 वर्षांच्या जवळपासही नव्हती. वय हा एकच निकष पुरेसा नाही. आणि ऑडिट होते कसे? सोसायटीच्या सभेत तीन कोटेशन ठेवली जातात, स्वस्त असेल ते घेतले जाते. दहा ठिकाणी हॅमर मारून अहवाल तयार होतो. पुनर्विकास हवा असलेल्याला इमारत सी-1 (पाडण्याजोगी) हवी असते, नको असलेल्याला सी-2 (दुरुस्तीजोगी); दोघेही आपापला अभियंता आणतात. ऑडिटचा किमान कार्यविस्तार ठरवा: कोअर, कार्बोनेशन, हाफ-सेल या चाचण्या किती ठिकाणी, ते लिहून. वादग्रस्त प्रकरणात अभियंत्याची नेमणूक संस्थेच्या यादीतून क्रमाने व्हावी. फीचा दर ठरवून द्या असे आम्ही म्हणत नाही. स्पर्धा कायद्यात ते बसणार नाही आणि त्याची गरजही नाही. काम ठरले की दर आपोआप ताळ्यावर येतो.

14 मार्च 2019 रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडून 7 जणांचा जीव गेला आणि तपासणी करणाऱ्या अभियंत्याला अटक झाली. दोष असेल तर शिक्षा व्हावी, आम्ही कुणाला पाठीशी घालणार नाही. पण डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितले की, पोलिसांनी पुढे जाण्याआधी त्या शास्त्रातल्या स्वतंत्र जाणकाराचे मत घ्यावे. हाच नियम आम्हाला लावा. संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने 30 दिवसांत लेखी मत द्यावे. दोष आढळल्यास परवाना रद्द करण्याचा अधिकार त्याच मंडळाला असावा.

संस्थेच्या परिषदेत 15 सदस्य असावेत: नोंदणीकृत अभियंत्यांनी निवडलेले 9, शासनाचे 3, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील 2 आणि गृहनिर्माण सोसायट्यांचा 1. बिल्डरांसाठी जागा नको. ज्याच्या कामावर देखरेख करायची, तोच देखरेखीच्या टेबलावर बसू शकत नाही.

तिजोरीवर भार पडणार नाही. वार्षिक शुल्क 2,000 रुपये धरले, तरी 5,000 नोंदणींवर वर्षाला 1 कोटी जमतात. शासनाकडून हवा आहे तो प्रतिनियुक्तीवर एक निबंधक आणि पहिली 3 वर्षे कार्यालयाला जागा.

60 दिवसांत मसुदा समिती नेमावी, तिच्यात आमचे 3 प्रतिनिधी असावेत आणि विधेयक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडावे. दरम्यान, सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला आहे: 1 जानेवारीपासून, ज्या कामावर काँक्रीटपूर्वी सळई तपासू दिली जाणार नाही, त्या कामाच्या स्थैर्य दाखल्यावर आमचा एकही सभासद सही करणार नाही. ठरावाची प्रत सोबत जोडली आहे.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी