आधी भावाकडे जा

आमच्या चाकूर तालुक्यात हातभर बांधासाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. नमाज चुकत नाही, वारी चुकत नाही. भावाच्या दारात मात्र पाय पडत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात, 5व्या अध्यायात, येशूंची शिकवण आहे: अर्पण वाहताना भावाचे मन आपल्याबद्दल दुखावल्याचे आठवले, तर ते तिथेच ठेवून आधी समेट करून यावे. चूक कोणाची, हे ते विचारत नाहीत. ज्याला आठवले त्याने जायचे. कुरआनातही, आले इम्रान सूरेत, राग गिळून माफ करणाऱ्यांची वाखाणणी आहे.

मने जुळल्यावर बोलू, असे आपण म्हणतो. रेव्हरंड टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले, तेव्हा बाई हिंदूच होत्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मधला. म्हणजे समेट आधी झाला, एकमत नंतर.

माफी म्हणजे हक्क सोडणे नव्हे. बांधाची मोजणी भूमी अभिलेखवाले करतील. सलाम मात्र आपल्यालाच करावा लागेल.