पाणी बाधले की बुफे?

सहलीहून परतलेल्या घरात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, 'रिसॉर्ट छान होते, पण जेवणात काही दम नव्हता.' दुसरी म्हणजे घरातल्या कोणाचे तरी, बहुधा सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठ्या माणसाचे, पोट बिघडलेले असते. पहिली तक्रार चवीची म्हणून सोडून दिली जाते. दुसरीचे खापर 'बाहेरचे पाणी बाधले' असे म्हणत पाण्यावर फुटते. प्रत्यक्षात या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच जागी असते. बेचव जेवण आणि बाधणारे जेवण एकाच पद्धतीने तयार होते, आणि ती पद्धत म्हणजे 'सर्व जेवण समाविष्ट' असलेल्या पॅकेजमधला लांबलचक बुफे.

महाबळेश्वर असो, लोणावळा असो, अलिबाग असो की तारकर्ली, बुफेच्या टेबलावर फारसा फरक दिसत नाही. पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, दाल तडका, जिरा राइस, हाका नूडल्स, रशियन सॅलड आणि गुलाबजाम. समोर समुद्र आणि ताटात पनीर! नावे वेगळी असली तरी चव सारखीच लागते, कारण कांदा-टोमॅटोची एकच ग्रेव्ही मोठ्या प्रमाणात करून ठेवलेली असते. तिच्यात कधी पनीर पडते, कधी कोफ्ता, कधी मिक्स भाज्या. उरलेला फरक रंग, साय आणि तिखट यांचा.

यामागचे अर्थकारण सरळ आहे. हमरस्त्यावरच्या हॉटेलात जेवण आवडले नाही तर गिऱ्हाईक पुढच्या हॉटेलात जाते. रिसॉर्ट गावापासून लांब असते, पैसे आधीच भरलेले असतात आणि रात्री नऊ वाजता मुलांना घेऊन घाट उतरणार कोण? शनिवार-रविवारी दोनशे माणसे आणि मंगळवारी वीस, अशा चढउतारात रोजच्या रोज ताजा बाजार आणून स्वयंपाक करणे अवघड जाते. मग टिकाऊ, गोठवलेले, आधी करून ठेवलेले पदार्थ सोयीचे ठरतात. खोल्यांच्या भाड्यातून नफा आणि जेवण म्हणजे नुसता खर्च, असा हिशेब एकदा डोक्यात बसला की कात्री स्वयंपाकघरालाच लागते.

येथवरचा प्रश्न चवीचा आणि पैशाचा आहे. यापुढचा आरोग्याचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नासाठी पाच सूत्रे सांगितली आहेत. त्यांतले एक तापमानाचे आहे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा जिवाणूंच्या वाढीला पोषक असतो. अनुकूल स्थितीत काही जिवाणूंची संख्या साधारण वीस मिनिटांत दुप्पट होते. दुपारी साडेबाराला मांडलेला आणि साडेतीनपर्यंत चालणारा बुफे या मोजपट्टीवर तपासून पाहावा. झाकणाच्या चकचकीत भांड्यांखाली लहानशी ज्योत असते, पण ती भांडी गरम अन्न गरम ठेवण्यासाठी असतात. गार झालेले अन्न त्यांवर नीट तापत नाही. शिवाय झाकण सतत उघडे राहते, खालचे पाणी आटते, ज्योत विझते. पदार्थ कोमट होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

सर्वांत निरुपद्रवी वाटणारा पदार्थ म्हणजे भात, आणि त्याचीच गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. कच्च्या तांदळावर 'बॅसिलस सिरियस' या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजतो, पण हे बीजाणू मरत नाहीत. भात बराच वेळ कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यांतले उलटी घडवणारे विष इतके चिवट असते की भात पुन्हा परतला किंवा उकळला तरी ते नष्ट होत नाही. रात्रीचा साधा भात सकाळी 'फोडणीचा' आणि दुपारी 'शेजवान' होतो तेव्हा त्यावर तिखटाचा थर चढतो, विष मात्र तसेच राहते.

डाळ आणि मटणाच्या मोठ्या पातेल्यांचा धोका निराळा आहे. पातेले जितके मोठे, तितका त्याचा मध्यभाग सावकाश गार होतो. वरून गार वाटणारी डाळ आत कित्येक तास कोमट असते. 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स' या जिवाणूला असेच वातावरण मानवते. घरी चार माणसांची आमटी लवकर गार होते आणि लवकर संपते. दोनशे माणसांची डाळ उथळ ताटांत ओतून, पटकन गार करून शीतकपाटात ठेवावी लागते आणि वाढण्याआधी वाफाळेपर्यंत तापवावी लागते. याला जागा लागते, माणूस लागतो आणि वेळही लागतो. कात्री नेमकी याच तिन्हींवर चाललेली असते.

मग पाण्याचा दोष नसतोच का? असतोही. दूषित पाणी, त्याचा बर्फ, त्यात धुतलेली कोशिंबीर यांतून आजार पसरतात. तरीही वेळेचे गणित थोडे सांगून जाते. जेवणानंतर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो. हे विष भातातले असेल किंवा हाताळणाऱ्याच्या हातावरून आलेल्या 'स्टॅफिलोकोकस'चे. आठ-बारा तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले तर मोठ्या पातेल्याकडे बोट जाते. एक-दोन दिवसांनी त्रास झाला तर विषाणू किंवा इतर जंतू कारणीभूत असू शकतात. नेमके निदान तपासणीनेच होते. पण 'पाणी बाधले' म्हणून विषय संपवला की स्वयंपाकघराला कोणी प्रश्न विचारत नाही आणि पुढच्या शनिवारी तेच पातेले पुन्हा चढते.

या टेबलाभोवती बसणारे कुटुंब तीन पिढ्यांचे असते, हेही महत्त्वाचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसीएमआर-इंडियाब' अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेएकतीस कोटी लोकांना उच्च रक्तदाब. सहलीला आलेल्या अनेक कुटुंबांत यांपैकी कोणीतरी असणारच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घेतलेल्या आजोबांना जेवण वेळेवर हवे असते. 'बुफे साडेआठला सुरू' असे सांगून प्रत्यक्षात सव्वानऊला दार उघडले तर त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात, डोके गरगरते. इतरांसाठी ही गैरसोय, त्यांच्यासाठी रक्तातली साखर घसरण्याचा खरा धोका. दार उघडल्यावर ताटात काय येते? मैद्याचा नान, बटाटा, सायीची ग्रेव्ही आणि पाकातले गोड. म्हणजे आधी साखर घसरते आणि मग उसळते. मिठाची तीच कथा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. पापड, लोणचे, सूप, चायनीज आणि खारट ग्रेव्ही एका ताटात आल्यावर ही मर्यादा पाळणे कठीणच.

यावर एक आक्षेप लगेच येतो. दोन दिवस मनासारखे खाल्ले तर काय बिघडले? आक्षेप रास्त आहे. निरोगी माणसाचे दोन दिवसांच्या गोडाधोडाने काही बिघडत नाही, आणि सुट्टीत कॅलरी मोजत बसणे म्हणजे सुट्टीवर पाणी ओतणे. पण येथे मनासारखे कोण खातो, हाच प्रश्न आहे. जे रांगेत मांडले तेच खावे लागते आणि तेही आवडत नाही. आनंद नाही आणि पथ्यही नाही, असा हा दुहेरी तोटा आहे. आणि जिवाणूंना सुट्टी नसते.

दुसरा आक्षेप रिसॉर्टचालकांचा. पाहुण्यांनाच वीस पदार्थ हवे असतात, चार ठेवले तर तक्रार येते. यात तथ्य आहे, आणि येथे जबाबदारी पाहुण्यांकडेही येते. 'पैसे वसूल' होण्याचे माप पदार्थांच्या संख्येत शोधले जाते. विविधतेचा भुकेवर होणारा परिणाम संशोधकांना बऱ्याच काळापासून माहीत आहे. एकच पदार्थ खात राहिले की त्याची गोडी कमी होते, पण नवी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत, एकाच प्रकारच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचे दिल्यावर लोकांनी सुमारे एक तृतीयांश अधिक खाल्ले. बुफेत तेच घडते. प्रत्येकातले थोडे थोडे घेत ताट भरते, पोट तडस लागेपर्यंत भरते आणि तरीही 'जेवलो' असे वाटत नाही.

वीस कोमट पदार्थांपेक्षा पाच वाफाळते पदार्थ बरे, हा साधा हिशेब दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हवा. छोटा मेन्यू ताजा करता येतो, लहान भांड्यांत थोडा थोडा आणून वाढता येतो आणि वायाही कमी जातो. त्यासाठी कुठून काही आयात करावे लागत नाही. कोकणात तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, सोलकढी आहे. घाटावर ज्वारीची भाकरी, पिठले, मटकीची उसळ, मेथीची भाजी आहे. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, पण सह्याद्रीतल्या रिसॉर्टमध्ये नाचणीची भाकरी आजही 'विशेष मागणी'वर मिळते. रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे गावातल्या एखाद्या घरगुती खानावळीत तीच भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि लोक त्या जेवणाची आठवण वर्षभर काढतात. तिथे पदार्थ चारच असतात, पण चारही गरम असतात.

नियम आहेत, त्यांची आठवण देणारे कमी आहेत. प्रत्येक खाद्यव्यावसायिकाने अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावायचा असतो. तळणीच्या तेलातल्या अपायकारक ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. मेन्यूवर कॅलरी आणि ॲलर्जीकारक घटक नोंदवण्याचे बंधन मात्र केंद्रीय परवानाधारक किंवा दहा व त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांवर आहे. एकांड्या रिसॉर्टला त्यातून सूट मिळते. निदान शेंगदाणे, दूध, गहू, मासे अशा ॲलर्जीकारक घटकांच्या पाट्या बुफेतल्या प्रत्येक पदार्थापुढे लावणे सर्वांनाच बंधनकारक व्हायला हवे. त्याला पुठ्ठा आणि पेन पुरते. अन्न आणि औषध प्रशासनाची तपासणीही सुट्ट्यांच्या हंगामात, भर बुफेच्या वेळी आणि हातात तापमापक घेऊन झाली पाहिजे.

तोवर कुटुंबांना काही गोष्टी करता येतील. खोली ठरवताना पोहण्याच्या तलावाबरोबर जेवणाची नेमकी वेळ विचारावी. घरात मधुमेही असेल तर साधी भाकरी, वरण आणि भाजी वेळेवर मिळेल का, हे आधीच पक्के करावे, आणि गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावे. बुफेच्या सुरुवातीलाच जेवावे. ज्यातून वाफ निघत नाही तो गरम पदार्थ आणि जो गार लागत नाही तो थंड पदार्थ, दोन्ही टाळावेत. त्रास झालाच तर जलसंजीवनी लगेच सुरू करावी. ताप, रक्त, सततच्या उलट्या किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर डॉक्टर गाठावा. आणि तक्रार जरूर करावी. त्यासाठी प्राधिकरणाचे 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲप आहे, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

जेवणाबद्दल कुरकुर करणे हे मराठी घरात फारसे शोभेचे मानले जात नाही. ताटात आले ते मुकाट्याने खावे, हा संस्कार आहे. घरच्या ताटासाठी तो चांगलाच आहे, कारण त्या ताटामागे कोणाचे तरी कष्ट आणि काळजी असते. पैसे मोजून घेतलेल्या ताटात ती काळजी आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क जेवणाऱ्याला आहे. भात कधी शिजवला, डाळ कधीची आहे, एवढे दोन प्रश्न पुष्कळ पाहुण्यांनी विचारायला लागावे. स्वयंपाकघरातल्या सवयी त्यानेच बदलू लागतील.